ना ऑफिस, ना एचआर, मग तक्रार कुठे करायची? घरकाम, छोटं दुकान, शेत, साइटवर काम करणाऱ्या बायकांसाठी स्थानिक समितीची सविस्तर माहिती

पॉश कायदा, म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांचा होणारा लैंगिक छळ रोखणारा कायदा, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर मोठी कंपनी येते, एचआर येतं, वर्षातून एकदा होणारं ट्रेनिंग येतं. त्यामुळे धुणीभांडी करणारी ताई, साडीच्या दुकानातली सेल्सगर्ल, बांधकामावर विटा वाहणारी बाई, ऊसतोडीला गेलेली बाई, यांना आणि त्यांना मदत करू इच्छिणाऱ्यांनाही वाटतं की हा कायदा आपल्यासाठी नाहीच. खरं तर हा कायदा ज्यांच्यामुळे आला त्या भंवरी देवी राजस्थानातल्या एका खेड्यात सरकारी योजनेत तुटपुंज्या मानधनावर काम करायच्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला, त्यानंतर सुप्रीम कोर्टात विशाखा खटला उभा राहिला, १९९७ ला निकाल आला आणि २०१३ मध्ये कायदा झाला. गावात काम करणाऱ्या बाईमुळे आलेला कायदा गावातल्या बाईला माहीतच नाही याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हे सगळं लिहितेय.

मी बायकांना अर्ज लिहून द्यायला मदत करते, त्यामुळे कुठे कुठे गाडी अडते ते जवळून बघितलंय. तुम्ही स्वतः त्या परिस्थितीत असाल किंवा तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी तुम्हाला काही सांगितलं असेल, दोन्हीसाठी हे उपयोगी पडेल.

आधी हे बघा की प्रकरण कुठे जाणार

बलात्कार किंवा तसा प्रयत्न झाला असेल, मारहाण झाली असेल, तर छळाची तक्रार ऐकणाऱ्या समितीची वाट बघत बसू नका, सरळ ११२ ला फोन, पोलीस आणि हॉस्पिटल. हॉस्पिटल सरकारी असो की खाजगी, बलात्कार पीडितेवर प्रथमोपचार आणि उपचार मोफत करणं त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे, आधी एफआयआर आणा मग बघू असं त्यांना म्हणता येत नाही. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो आणि ती गोष्ट कळूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा होतो, तेव्हा तिथे घरच्या घरी मिटवायचा प्रश्नच नाही, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

बाकी सगळं, म्हणजे नको तिथे हात लावणं, अंगचटीला येणं, घाणेरडं बोलणं, मोबाईलवर घाण व्हिडिओ दाखवणं, माझं ऐकलंस तर पगार वाढवतो नाहीतर उद्यापासून येऊ नको असं म्हणणं, हे सगळं कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ या व्याख्येत येतं. नुसता इशारासुद्धा येतो, अंगाला हात लागायलाच पाहिजे असं काही नाही.

आता कुठल्या समितीकडे? कामाच्या ठिकाणी १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मालकाने तिथेच अंतर्गत समिती नेमलेली असायला हवी, तिच्याकडे जायचं. १० पेक्षा कमी असतील, किंवा कोणाच्या घरात काम असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर स्थानिक समितीकडे. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा. कारखाना दोनशे माणसांचा असला तरी त्रास मालकच देत असेल तर त्याने स्वतःच नेमलेल्या समितीसमोर तिने जावं अशी अपेक्षा कायदा करत नाही.

बाई पर्मनंट असावी लागत नाही. रोजंदारी, कंत्राटदाराकडून आलेली, पार्ट टाइम, शिकाऊ, बिनपगारी शिकायला आलेली, सगळ्या येतात. कामाचं ठिकाण म्हणजेही फक्त चार भिंती नाहीत, मालकाने दिलेल्या टेम्पोतून साइटवर जाताना काही झालं तरी ते कामाचं ठिकाणच. घरकामाच्या बाबतीत एक अपवाद तेवढा आहे, मालकाच्या कुटुंबातलीच बाई घरकाम करत असेल तर ती या व्याख्येत येत नाही.

ही समिती असते कुठे

जिल्ह्यात एक जिल्हा अधिकारी नेमलेला असतो, म्हणजे जिल्हाधिकारी, अपर जिल्हाधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी यांच्यापैकी कोणी, आणि तो ही समिती नेमतो. अध्यक्ष महिला असते, सामाजिक कामातली. तालुक्यात किंवा शहरात काम करणाऱ्या बायकांमधली एक सदस्य असते, दोन जण संस्थांकडून असतात, आणि महिला व बालविकासाचं काम बघणारा अधिकारी पदसिद्ध सदस्य असतो. त्यामुळे मी लोकांना सांगते की कुठे जायचं कळत नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा थेट जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात जा आणि स्थानिक समितीकडे तक्रार द्यायची आहे एवढंच म्हणा. जुने लोक अजून स्थानिक तक्रार समिती म्हणतात, तीच ही.

जिल्ह्याच्या ठिकाणी जायला एक दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं, हे कायदा करणाऱ्यांच्याही लक्षात आलं होतं म्हणून प्रत्येक तालुक्यात आणि शहरात वॉर्ड किंवा नगरपालिकेच्या पातळीवर एक नोडल अधिकारी नेमायची तरतूद आहे. त्याच्याकडे तक्रार दिली की त्याने ७ दिवसांत ती समितीकडे पाठवायची असते. तहसील कार्यालयात विचारा की नोडल अधिकारी कोण. माहीत नाही असं उत्तर आलं तर तेच एका कागदावर लिहून द्या आणि पोच मागा, उत्तर बदलतं बऱ्याचदा.

समितीची हद्द जिल्ह्यापुरती असते आणि काम ज्या जिल्ह्यात होतं तो जिल्हा धरायचा. म्हणजे बीडहून कोल्हापूरला ऊसतोडीला गेलेल्या बाईला फडात मुकादमाने त्रास दिला तर तक्रार कोल्हापूरच्या समितीकडे. हंगाम संपून टोळी गावी परतली की हे फार अवघड होऊन बसतं, म्हणून तिथे असतानाच अर्ज टाकता आला तर बघा, निदान स्पीड पोस्टाने तरी. पोलिसांचं तसं नाही, झिरो एफआयआर कुठल्याही पोलीस स्टेशनला नोंदवता येते, मग ती योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची.

ऑनलाइन शी-बॉक्स नावाचं केंद्र सरकारचं पोर्टल आहे, तिथे भरलेली तक्रार संबंधित अंतर्गत किंवा स्थानिक समितीकडे जाते. पण माझं मत विचाराल तर ऑनलाइन केली तरी कागदावरची तक्रार पण द्याच. शिक्का मारलेल्या कागदाला आपल्याकडे अजून जास्त वजन आहे.

तीन महिने, हे भिंतीवर लिहून ठेवा

घटना झाल्यापासून ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. एकापेक्षा जास्त वेळा झालं असेल तर शेवटच्या घटनेपासून ३ महिने. उशीर झाला तर समिती आणखी ३ महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते, पण कारण पटलं पाहिजे. आजारी होते, गावी होते, धमकी दिली होती, काम जाईल म्हणून भीती वाटली, घरात कोणाला सांगायची हिंमत झाली नाही, जे खरं असेल ते अर्जातच स्पष्ट लिहा. नंतर तोंडी सांगू म्हणाल तर ते कुठे नोंदलं जात नाही. पोलिसांकडच्या तक्रारीला ही ३ महिन्यांची अट नाही, तेव्हा समितीची वेळ गेली म्हणजे सगळंच गेलं असं समजू नका.

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ जातो तो ठरवण्यात. नवऱ्याला सांगू का, मालकिणीला सांगितलं तर ती विश्वास ठेवेल का, चार घरची कामं जातील का. हे प्रश्न खरे आहेत, कोणी तिच्या जागी बसून उत्तर देऊ नये. फक्त तिला हे सांगा की अर्ज आज लिहून ठेवला तर तो उद्या द्यायचा की नाही हे तिच्या हातात राहतं. न लिहिता आठवडे गेले की तारखा विसरतात, मग लिहिणं अजूनच जड होतं.

पुरावा जमवायचा म्हणजे काय करायचं

पुरावा नाही म्हणून तक्रार करायची नाही हा सगळ्यात मोठा गैरसमज. अशा गोष्टी चार लोकांसमोर होत नाहीत हे समितीलाही कळतं, तिचं स्वतःचं म्हणणं हाच पहिला पुरावा. आणि एखादी तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, बाईवर कारवाई होत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय. खोट्या तक्रारीची कारवाई करायला दुष्ट हेतू वेगळा सिद्ध व्हावा लागतो.

तरी जे हाताशी आहे ते सांभाळा. मेसेज, व्हॉइस नोट, कॉल लॉग डिलीट करू नका, स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसली पाहिजे, आणि स्क्रीनशॉट घेतला म्हणून मूळ मेसेज उडवू नका, फोन बदलायचा असेल तरी जुना ठेवा. त्या दिवशी तिने कोणाला सांगितलं? शेजारणीला, बहिणीला, सोबत काम करणाऱ्या बाईला? ती साक्षीदार. तिने प्रत्यक्ष बघितलेलं नसलं तरी ही रडत आली होती आणि असं असं म्हणाली होती एवढं सांगितलं तरी फरक पडतो.

घरकामात अजून एक अडचण येते, समोरचे म्हणतात ही आमच्याकडे कामालाच नव्हती. म्हणून तिथे काम करत होती याचा कागद शोधा. सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरमधली किंवा ॲपमधली नोंद, वॉचमनकडचा पास, पगार ऑनलाइन आला असेल तर त्याची एंट्री, आज लवकर ये असे साधे मेसेज, हे सगळं चालतं. गेट किंवा लिफ्टमधलं सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, त्यामुळे सोसायटीच्या सेक्रेटरीला लगेच लेखी द्या की अमुक तारखेचं अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा. ते तुम्हाला देणार नाहीत कदाचित, पण चौकशीपुरते समितीला दिवाणी कोर्टासारखे अधिकार असतात, ती मागवून घेऊ शकते. फुटेज शिल्लक राहिलं तरच ना मागवणार, म्हणून ही चिठ्ठी आधी.

अर्ज कसा लिहायचा

अर्ज तिच्या शब्दांत लिहा. तुम्ही मदत करत असाल तर तुमची शुद्ध मराठी बाजूला ठेवा. "विनयभंगाचा प्रयत्न केला" असं लिहिलंत तर नेमकं काय झालं ते कोणालाच कळत नाही, "मागून येऊन कमरेला हात घातला" असं लिहिलं तर कळतं. लाज वाटते, थांबत थांबत सांगते, तिला वेळ द्या, मध्ये पाणी द्या, एका बसणीत व्हायलाच पाहिजे असं काही नाही.

साधारण असा:

प्रति, मा. अध्यक्ष, स्थानिक समिती, जिल्हाधिकारी कार्यालय, (जिल्हा).
विषय: कामाच्या ठिकाणी झालेल्या लैंगिक छळाबाबत २०१३ च्या कायद्याखाली तक्रार.
मी (नाव, वय, पत्ता, फोन) अमुक पत्त्यावर अमुक महिन्यापासून स्वयंपाकाचं काम करते. पगार महिना इतका. दि. ... रोजी सकाळी साधारण ९ वाजता घरात दुसरं कोणी नसताना (नाव, घरातलं नातं) यांनी ... केलं. मी ... म्हणाले. ते ... म्हणाले. मी काम टाकून निघाले आणि खाली येऊन ... यांना सांगितलं. याआधी दि. ... च्या सुमारास ... झालं होतं. मला त्यांच्यापासून भीती वाटते. माझी विनंती आहे की चौकशी करून कायद्याप्रमाणे कारवाई करावी आणि चौकशी चालू असताना ... अशी सोय द्यावी. सोबत: ... साक्षीदार: नाव, पत्ता.
सही किंवा अंगठा, तारीख.

तारीख नक्की आठवत नसेल तर ठोकून देऊ नका, गणपतीच्या आधीचा सोमवार, पोराची शाळा सुरू झाली त्या आठवड्यात, असं लिहिलं तरी चालतं. चुकीची तारीख पुढे उलटतपासात अडचणीची ठरते, अंदाजे लिहिलेली ठरत नाही.

पगार थकवला असेल तर तोही उल्लेख करा, पण त्या पैशासाठी कामगार कार्यालयात वेगळा अर्ज द्या, दोन्हीची सरमिसळ झाली की समोरचा म्हणतो पैशासाठी आरोप केलाय.

तक्रारीच्या ६ प्रती लागतात, कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं पत्ते यांच्यासकट, आणि सातवी स्वतःसाठी काढा. आवक टेबलवर देऊन सातव्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्या. पोच न घेता परत येऊ नका, उद्या या म्हणाले तरी. जमलंच नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फोटो काढून ठेवा, ती शाई उडते.

लिहिता वाचता येत नसेल तर अर्ज लिहायला मदत करणं समितीवरच बंधनकारक आहे. ती आजारी असेल, शारीरिकदृष्ट्या येऊ शकत नसेल तर नातेवाईक, मैत्रीण, सोबत काम करणारी, किंवा जिला घटना माहीत आहे अशी व्यक्ती तिच्या लेखी संमतीने तक्रार देऊ शकते. संमती मात्र हवीच. तिला न विचारता तिच्या भल्यासाठी म्हणून अर्ज टाकू नका, कितीही संताप आला तरी.

अर्ज दिल्यावर काय होतं

समिती ७ कामकाजाच्या दिवसांत एक प्रत समोरच्याला पाठवते, त्याला उत्तर द्यायला १० कामकाजाचे दिवस असतात. मग दोन्ही बाजूंचं म्हणणं, साक्षीदार, आणि ९० दिवसांत चौकशी संपवायची असते. वकील दोघांनाही आणता येत नाही, ही गोष्ट गरीब बाईच्या बाजूची आहे. सुनावणीला सलग ३ वेळा सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिलं तर समिती १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन तक्रार बंद करू शकते किंवा एकतर्फी निर्णय देऊ शकते, म्हणून यायला जमणार नसेल तर आधी लेखी कळवा. समोरचा टाळत असेल तर हाच नियम त्यालाही आहे.

चौकशी चालू असताना तिने लेखी मागितलं तर बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा अशी सोय समिती सुचवू शकते. मागितल्याशिवाय मिळत नाही.

चौकशीच्या आधी समेट करायचा का असं विचारलं जाईल. समेट फक्त तिने स्वतः मागितला तरच होऊ शकतो, आणि पैसे घेऊन मिटवणं कायद्याला मान्य नाही. माफी, परत असं न करण्याची लेखी हमी अशा गोष्टी होऊ शकतात, पण समेट झाला की चौकशी होत नाही हे तिला आधी नीट समजावून सांगा. कोणी वडीलधारा मध्ये पडून आग्रह करत असेल तर तिला विचार करायला दोन दिवस मागा.

दुकान, कारखाना, हॉटेल अशा ठिकाणी छळ सिद्ध झाला तर चौकशी संपल्यावर १० दिवसांत अहवाल आणि त्यावर ६० दिवसांत कारवाई व्हायला हवी. भरपाईही मिळू शकते, ती ठरवताना तिला झालेला मानसिक त्रास, बुडालेलं काम, औषधोपचाराचा खर्च आणि समोरच्याची ऐपत बघतात, म्हणून डॉक्टरच्या चिठ्ठ्या, पावत्या ठेवा. त्याने ती रक्कम भरली नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. निकाल पटला नाही तर ९० दिवसांत अपील.

घरकाम करणाऱ्या बाईचा रस्ता मात्र इथे वेगळा होतो आणि हे तिला अर्जाच्या आधी सांगितलंच पाहिजे. तिच्या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीने ७ दिवसांत ती पोलिसांकडे पाठवायची असते. म्हणजे प्रकरण पोलीस स्टेशनला जाणार. बऱ्याच ताईंना तेच नको असतं, त्यांना फक्त त्या माणसाला कोणीतरी जाब विचारायला हवा असतो आणि दुसरीकडे शांतपणे काम करायचं असतं. मला स्वतःला ही कायद्यातली कमतरता वाटते, दुकानातल्या बाईला चौकशी आणि भरपाईचा रस्ता आणि घरात राबणाऱ्या बाईला थेट पोलीस केस, पण आज कायदा असा आहे आणि तिला अंधारात ठेवून अर्ज देणं चुकीचं आहे.

पोलिसांकडे जाताना

१ जुलै २०२४ पासून जुन्या आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम ७४ विनयभंगाच्या उद्देशाने बळजबरी, ७५ लैंगिक छळ, ७८ पाठलाग, ७९ शब्द किंवा हावभावाने अपमान. अशा तक्रारीत बाईचं म्हणणं महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायचं असतं. एफआयआरची प्रत मोफत मिळते, वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. नोंदवून घेतच नसतील तर तीच तक्रार लेखी पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर पोलीस उपायुक्तांना पोस्टाने पाठवा, तरी नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. बाई अनुसूचित जाती जमातीतली असेल आणि समोरचा नसेल, तर, मग तो जातीवरून बोलला असो वा नसो, ॲट्रॉसिटी कायद्याचाही विचार व्हायला हवा, ते पहिल्या जबाबातच सांगा.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडून राहू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तिथे कुठल्याही महिलेला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हेल्पलाइन १५१००. समितीसमोर तो वकील उभा राहू शकत नाही पण अर्ज बघून देऊ शकतो, अपील आणि पोलीस केसमध्ये मदत करू शकतो. बलात्कार, ॲसिड हल्ला अशा प्रकरणांत पीडितेला आर्थिक मदत देणाऱ्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेचं कामही याच प्राधिकरणातून होतं. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइनही आहे.

समितीच नाही म्हणाले तर

असं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाला सगळ्या राज्यांना पुन्हा बजावावं लागलं की जिल्हा अधिकारी नेमा, स्थानिक समित्या स्थापन करा, नोडल अधिकारी नेमा, म्हणजे कायदा होऊन ११ वर्षं झाल्यावर. तर समिती अस्तित्वात नाही असं कोणी म्हणालं तर जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज द्या, त्यात या आदेशाचा उल्लेख करा, एक प्रत राज्य महिला आयोगाला. शिवाय माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारा: स्थानिक समितीचे सध्याचे सदस्य कोण, कधी नेमले, तालुक्याचे नोडल अधिकारी कोण. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तक्रारीतली नावं आणि मजकूर माहिती अधिकारात मिळत नाही, तो गोपनीय असतो, पण समिती कोणाची बनलीय हे गोपनीय नाही. यात तिचे ३ महिने जाऊ देऊ नका, तिची तक्रार आधी पोच घेऊन देऊन टाका, हा पाठपुरावा मागून चालू राहू दे.

गोपनीयतेवरून एक सांगायचंय आणि हे आपल्यासारख्या मदत करणाऱ्यांसाठीच आहे. तिचं नाव, पत्ता, तक्रारीतला मजकूर हे बाहेर फोडायला कायद्याने बंदी आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, महिला मंडळात, फेसबुकवर, नाव न घेता पण ओळखू येईल असं, कुठेच टाकू नका. मी बघितलेल्या एका प्रकरणात अर्ज नीट होता, साक्षीदार होती, पण मदत करणाऱ्यांपैकीच कोणीतरी ग्रुपवर लिहिलं आणि आठवड्याभरात त्या ताईंची सगळी घरं सुटली. तिच्या अर्जाचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये असेल तर तोही जपून, आणि सुनावणीच्या दिवशी तिच्यासोबत जाणं जमत असेल तर जा, आत बसू देणार नाहीत कदाचित, बाहेर बाकावर बसा.